तृणभूमीचा जमाखर्च

दाणाबाजारातील भावपत्रकावर ‘कॅनडा मसूर’ आणि ‘कॅनडा वाटाणा’ ही नावे आता जुनी झाली आहेत. पॅसिफिक महासागर ओलांडून आलेला हा माल मुंबईस उतरतो, डाळमिलांतून फिरतो आणि घरोघरच्या वरणात, उसळीत मिसळून जातो. परंतु तो ज्या भूमीत पिकतो तिचे नाव या व्यापारातल्या मंडळींपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. त्या भूमीचे नाव सस्कॅचेवान. क्री लोकांच्या भाषेतील ‘वेगाने वाहणारी नदी’ या अर्थाच्या शब्दावरून ते आले आहे.

कॅनडाचा हा प्रांत नकाशावर पाहिला तर एखाद्या खातेवहीच्या पानासारखा दिसतो. दक्षिणेस ४९ अक्षांश, उत्तरेस ६० अक्षांश. पूर्व-पश्चिमेसही माणसानेच आखलेल्या रेषा. नदी, डोंगर किंवा समुद्र यांपैकी कोणीही त्याची सीमा ठरवीत नाही. क्षेत्रफळ ६,५१,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार ११,३२,५०५. एकट्या नाशिक शहराहूनही कमी. त्यातील निम्मी माणसे सस्कटून आणि राजधानी रेजायना या दोन शहरांत व त्यांच्या परिसरात राहतात. उरलेल्या प्रदेशात मैलोगणती चालूनही घर दिसू नये, अशी स्थिती आहे.

प्रांताचा उत्तर भाग प्राचीन खडकाचा, सूचिपर्णी अरण्यांचा आणि असंख्य सरोवरांचा. दक्षिण भाग मात्र गवताचा. हिमयुगातील हिमनद्या वितळल्यावर मागे राहिलेला गाळ, त्यावर हजारो वर्षे उगवलेले आणि कुजलेले गवत, त्यातून बनलेली काळसर माती, हे या भागाचे खरे धन. दक्षिणेकडील मैदानात वर्षाकाठी सुमारे ३५० ते ४०० मिलिमीटर पाणी पडते आणि त्यातही काही वाटा बर्फाचा. ५ जुलै १९३७ रोजी येथे तापमान ४५ अंशांवर गेले होते. १ फेब्रुवारी १८९३ रोजी प्रिन्स अल्बर्ट येथे ते उणे ५६.७ अंशांपर्यंत उतरले होते. अशा हवेत वृक्ष तग धरीत नाही, गवत धरते. कारण गवताचे वैभव जमिनीच्या वर थोडे आणि खाली फार असते. खोल गेलेली मुळे ओल शोधतात, माती बांधून ठेवतात, वणवा गेल्यावर पुन्हा अंकुरतात.

या गवतावर बायसनचे, म्हणजे आपल्याकडील गव्याच्या दूरच्या भाऊबंदाचे, अफाट कळप चरत असत. संपूर्ण उत्तर अमेरिकेत त्यांची संख्या कोटींच्या घरात होती. क्री, नाकोडा आणि इतर मूलनिवासी जमातींचे जीवन या प्राण्यावर अवलंबून होते. अन्न, वस्त्र, तंबूचे आच्छादन सारे त्यापासूनच मिळे. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हे जीवन परके वाटेल. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. शेकडो पिढ्या शिकार होऊनही कळप टिकून होते. ते संपले, ते पोटासाठी मारले जात होते तेव्हा नव्हे. बाजारासाठी मारले जाऊ लागले तेव्हा.

हा बाजार येथे आणला एका कंपनीने. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६६८ मध्ये मुंबई बेट वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच राजाने दोनच वर्षांनी, १६७० मध्ये, हडसन उपसागरास मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्याची सनद हडसन बे कंपनीस दिली. जी भूमी राजाने कधी पाहिली नव्हती आणि जिच्या रहिवाशांना त्याचे नावही ठाऊक नव्हते, ती अशा रीतीने फरचा व्यापार करणाऱ्या भागधारकांची झाली. १७७४ मध्ये कंपनीने कंबरलंड हाउस ही वखार सस्कॅचेवानच्या भूमीवर उभारली. पुढे १८७० मध्ये हा सारा मुलूख कॅनडाच्या शासनाकडे गेला, तेव्हा कंपनीने ३ लाख पौंड घेतले आणि वर सुपीक पट्ट्यातील जमिनीचा विसावा हिस्सा स्वतःकडे राखून ठेवला.

याच सुमारास पूर्वेकडील कारखान्यांना यंत्रांच्या पट्ट्यांसाठी बायसनचे जाड चामडे हवे झाले. बंदुका सुधारल्या, रेल्वे जवळ आली. १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या मैदानातून हे कळप जवळजवळ नाहीसे झाले. त्यानंतर माळावर उरली ती हाडे. आजच्या रेजायनाच्या जागी त्यांचे मोठे ढीग होते. गावाचे जुने नावही ‘हाडांचा ढीग’ असेच होते. १८८२ मध्ये रेल्वे आल्यावर विपन्न झालेले लोक ही हाडे वेचून विकू लागले. डबेच्या डबे भरून ती खतासाठी आणि साखर शुभ्र करण्याच्या कोळशासाठी रवाना झाली.

श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांतील दंतवाणिज्यात हस्तिदंताबरोबरच हाडे, चामडी, केस यांचाही व्यापार येतो. या निषेधामागील विचार अत्यंत व्यवहारी आहे. उत्पत्तिस्थानी जाऊन असा माल मागणारा स्वतः शस्त्र उचलत नाही. परंतु त्याच्या मागणीमुळेच शस्त्र उचलले जाते. सस्कॅचेवानच्या माळावर या विचाराचा पडताळा एका पिढीच्या आत आला.

कळप गेले आणि माणसांवर उपासमार आली. १८७४ मध्ये क्वापेल येथे चौथा आणि १८७६ मध्ये फोर्ट कार्लटन येथे सहावा करार होऊन जमातींनी आपला प्रदेश राणीच्या शासनास दिला. सहाव्या करारात दुष्काळात साहाय्य देण्याचे आणि औषधपेटी ठेवण्याचे वचन होते. प्रत्यक्षात शिधा हेच दबावाचे साधन बनले. राखीव वस्तीत जाईल त्याला धान्य, न जाईल त्याला नाही. बिग बेअर हा क्री नायक सहा वर्षे करारावर सही करण्यास नकार देत राहिला. १८८२ मध्ये त्याच्या लोकांच्या भुकेपुढे तो नमला. १८८५ मध्ये मेटी या मिश्रवंशीय समाजाने लुई रिएलच्या नेतृत्वाखाली उठाव केला. तो बातोश येथे मोडला गेला आणि रिएलला रेजायनात फाशी देण्यात आले. मूलनिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवण्याची प्रथा पुढे अनेक दशके चालली. या प्रांतातील गॉर्डन येथील अशी शाळा १९९६ मध्ये बंद झाली, इतका हा इतिहास जवळचा आहे.

रिकामी झालेली भूमी मग मोजणीदारांनी चौकोनांत विभागली. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक विभाग, त्यात ३६ खंड, प्रत्येक खंड ६४० एकरांचा आणि त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर, केवळ १० डॉलर शुल्कात, कसणाऱ्यास. १ सप्टेंबर १९०५ रोजी सस्कॅचेवान प्रांत अस्तित्वात आला. १९०१ मध्ये ९१ हजार असलेली वस्ती १९११ मध्ये ४ लाख ९२ हजारांवर गेली. लाकूड दुर्मिळ म्हणून लोकांनी गवताच्या मुळांनी बांधलेल्या मातीचे तुकडे कापून त्यांचीच घरे रचली.

या वसाहतकारांत एक समाज असा होता, ज्याची कथा जैन वाचकांनी अवश्य जाणून घ्यावी. रशियातील दुखोबोर, म्हणजे ‘आत्म्यासाठी झुंजणारे’. हत्या पाप आहे असे मानून त्यांनी १८९५ मध्ये कॉकेशसमध्ये आपली सर्व शस्त्रे जाळली, सैन्यात जाण्यास नकार दिला आणि त्यासाठी फटके व हद्दपारी सोसली. त्यांच्यातील अनेकांनी मांसाहार सोडला होता. महात्मा गांधींवर श्रीमद् राजचंद्रांप्रमाणेच ज्यांचा प्रभाव होता, त्या टॉलस्टॉय यांनी आपल्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीचे मानधन दुखोबोरांच्या स्थलांतरासाठी दिले. १८९९ मध्ये सुमारे साडेसात हजार दुखोबोर कॅनडात आले आणि बहुतेक सस्कॅचेवानच्या माळावर वसले. पुरुष रेल्वेच्या कामावर मजुरीस गेलेले आणि बैल-घोडे अपुरे, म्हणून पहिल्या हंगामात स्त्रियांनी स्वतःला नांगरास जुंपून जमीन नांगरली. १९०२ मध्ये त्यांच्यातील काहींनी तर प्राण्यांना राबवणे हीही हिंसाच मानून आपली जनावरे मोकळी सोडली.

शासनाला मात्र प्रत्येकाने जमीन स्वतःच्या नावावर घ्यावी आणि राजनिष्ठेची शपथ वाहावी, असे हवे होते. दुखोबोर जमीन सामाईक मानीत आणि शपथ ईश्वराखेरीज कोणाची वाहत नसत. १९०७ मध्ये त्यांनी तयार केलेल्या जमिनीचा मोठा भाग काढून घेण्यात आला. त्यातील हजारो लोक पुढे ब्रिटिश कोलंबियाकडे निघून गेले. व्हेरिगिन या गावी त्यांचे प्रार्थनागृह आजही जतन केलेले आहे. शपथेवर सही केली असती तर शेते वाचली असती. त्यांनी व्रत राखले आणि परिग्रह सोडला.

उरलेल्यांनी गहू पिकवला. फक्त गहू, आणि एक वर्षाआड पडीक जमीन, असा क्रम चालला. १८५७ ते १८६० या काळात पॅलिझर याने या प्रदेशाची पाहणी करून दक्षिणेकडील त्रिकोणी पट्टा शेतीस अयोग्य असल्याचे सांगितले होते. तेजीच्या दिवसांत ते कोणी मनावर घेतले नाही. १९२९ मध्ये डॉलरच्या वर असलेला गव्हाचा भाव १९३२ मध्ये बुशेलला ४० सेंटच्याही खाली गेला. पाठोपाठ अवर्षण आले. मुळे उखडलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. १९३७ मध्ये एकरी सरासरी तीन बुशेलही गहू हाती लागला नाही. एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो. १९३१ मध्ये ९ लाख २२ हजार असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये ८ लाख ३२ हजारांवर आली. अत्यंत बिघडलेल्या जमिनी शासनाने कुंपण घालून पुन्हा गवताखाली आणल्या आणि सामाईक कुरणे म्हणून राखल्या. जे गवत उपटण्यासाठी एके काळी बक्षीस म्हणून जमीन दिली, तेच गवत सरकारी पैशाने पुन्हा पेरावे लागले.

विपत्तीने या विरळ वस्तीला एक शहाणपण मात्र दिले. एकट्याने येथे निभाव लागत नाही. १९२४ मध्ये शेतकऱ्यांनी सहकारी गहू संघ स्थापून स्वतःची कोठारे उभारली. टॉमी डग्लस यांच्या शासनाने १९४७ मध्ये रुग्णालय विमा आणला आणि १ जुलै १९६२ पासून प्रांतातील सर्वांना सार्वजनिक खर्चाने वैद्यकीय उपचार मिळू लागले. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. योजना टिकली आणि पुढे साऱ्या देशाने ती स्वीकारली.

डाळीचा प्रवेश झाला तो १९७० च्या दशकात. सस्कटून येथील विद्यापीठात डॉ. अल स्लिंकर्ड यांनी मसुरावर संशोधन केले आणि १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण प्रसारित झाले. मसूर, वाटाणा ही पिके मुळांवरील गाठींतून हवेतील नत्र जमिनीस देतात, पाणी थोडे मागतात, आणि जमीन उघडी पडीक टाकण्याची गरज कमी करतात. आज कॅनडा हा मसुराचा जगातील सर्वांत मोठा निर्यातदार आहे आणि त्यातील बहुतांश पीक या एका प्रांताचे आहे. ग्राहकांत भारत अग्रस्थानी. २०१७ च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरावर ३० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यांना पेरणीचा हिशेब नव्याने मांडावा लागला. आपल्याकडे पाऊस चांगला झाला की तेथील भाव पडतो, आपल्याकडे तूर-हरभरा बुडाला की तेथे खरेदीदारांचे फोन वाजू लागतात. दोन दूरच्या भूमी एका वरणाच्या वाटीने अशा बांधल्या गेल्या आहेत.

तरीही जमाखर्च जुळला, असे म्हणता येणार नाही. १९३६ मध्ये प्रांतात १ लाख ४२ हजार शेते होती. २०२१ मध्ये ती ३४ हजारांवर आली. शेते वाढत गेली आणि गावे ओस पडली. मूळ तृणभूमीचा पाचवा हिस्साही आता शिल्लक नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाची आठवण व्हावी, अशी तेथील सेज ग्राउस या माळपक्ष्याची अवस्था आहे. ज्या पिकाने मातीला आधार दिला, तेही मोडलेल्या माळावरच उभे आहे, हे विसरून चालत नाही.

अमेरिकेच्या सीमेलगत, व्हॅल मेरी गावाजवळ, न नांगरलेल्या गवताचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. डिसेंबर २००५ मध्ये अल्बर्टा प्रांतातून ७१ बायसन तेथे आणण्यात आले. शतकाहून अधिक काळाने त्या गवतावर पुन्हा खूर उमटले. कोटींच्या हिशेबात ७१ हा आकडा नगण्य वाटेल. पण बुडालेल्या खात्यात परतफेडीची पहिली रक्कम जमा होते, तेव्हा ती नेहमी लहानच असते. ती जमा झाली, एवढ्यानेच खाते पुन्हा चालू झाल्याचे समजते.