पगार की सवड?

संसार मार्गी लागल्यावर पुन्हा पुस्तक हाती धरावे, असे वाटणारी माणसे आपल्या समाजात पूर्वीही होती. आज त्यांची वाट पुष्कळ मोकळी झाली आहे. मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ शिक्षणाच्या पदव्या नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानाव्यात, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. शिकत असताना नोकरी कोणती धरावी, जास्त पगाराची की सवडीची?

हा प्रश्न आमच्या घरी उभा राहिला, तो सौ.नी बेचाळिसाव्या वर्षी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम. ए. करावयाचे ठरविले तेव्हा. हाती दोन नोकऱ्या होत्या. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याचे हिशेब खाते महिना ३८ हजार देत होते. मात्र महिनाअखेरीस घरी परतण्याची वेळ निश्चित नव्हती. दांडिया बाजारातील एका सनदी लेखापालांची कचेरी २६ हजार देणार होती, पण वेळ अकरा ते पाच आणि परीक्षेला रजा. तेथील कामाची गर्दी जुलै व सप्टेंबरमधली, तर विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबरमध्ये.

आई म्हणाली, "अगं, बारा हजार काही थोडे नव्हेत. छत गळतंय ते कशातून दुरुस्त करणार?" प्रश्न रास्त होता. आमचे घर जुने आहे आणि वडोदऱ्याचा पाऊस कोणाची गय करीत नाही.

तेव्हा आम्ही कागद घेऊन बसलो. पगारातील तफावत दोन वर्षांत २ लाख ८८ हजार. त्यातून मकरपुऱ्याच्या जाण्यायेण्याचे ३६ हजार वजा केले, उरले २ लाख ५२ हजार. आता अभ्यासाचा हिशेब. मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास, म्हणजे सहा श्रेयांकांच्या एका विषयाला १८० तास. वर्षाला चार विषय धरले तर ७२० तास, आठवड्याला सुमारे चौदा. दोन वर्षांच्या १,४४० तासांनी त्या रकमेला भागले, तेव्हा एका तासाची किंमत १७५ रुपये निघाली. विद्यापीठाच्या शुल्कपत्रकात न छापलेले हे खरे शुल्क होय. ते देण्याची तयारी आहे का, एवढेच मग ठरवावयाचे होते. आम्ही छत दोन पावसाळे पुढे ढकलले.

म्हणून सर्वांनीच कमी पगार पत्करावा, असे आमचे म्हणणे नाही. आपल्याच नगरीशी निगडित असे एक थोर उदाहरण याच्या उलट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियास गेले. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, परंतु अस्पृश्यतेच्या जाचाने त्यांना या शहरात राहावयास जागाही मिळाली नाही. पुढे १९१८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी धरली, पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली आणि तिला शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज जोडून १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडन गाठले. त्यांच्या अभ्यासाला परदेशातील वास्तव्य हवे होते, आणि वास्तव्याला पैसा. तेथे पगाराची नोकरी हीच शिक्षणाची पहिली पायरी ठरली.

तात्पर्य, आधी आपला अभ्यास काय मागतो ते पाहावे. तो गाठीला रक्कम मागत असेल, तर जास्त पगार धरून तारीख ठरवून साठवावे आणि मग नोकरी सोडावी. तो रोजचे दोन तास मागत असेल, तर सवड विकत घ्यावी. मात्र ती सवड नेमणूकपत्रात लिहून घ्यावी; तोंडी सवलत साहेब बदलला की संपते. आणि कमी पगाराची मुदतही घरात सर्वांसमक्ष ठरवावी, म्हणजे कुरकुर होत नाही.

सौ.चे पहिले वर्ष उत्तीर्ण झाले आहे. पदवीने पगार वाढेलच, अशी हमी आम्हांस कोणी दिलेली नाही. माजघरात पावसाळ्यात अजून बादली ठेवावी लागते. आई ती न बोलता ठेवते, आणि रात्री सुनेच्या टेबलावर दुधाचा पेलाही.