टाळ कुठे गेले?

परवा एका पेशंटने बीपी मोजून झाल्यावर उठता उठता विचारलं, "डॉक्टर, गाडीत मोबाईलवरची गाणी मोठ्याने लावली तर कान खराब होतात का हो?" बाहेर गर्दी होती, दोन वाक्यांत उत्तर देऊन त्यांना पाठवलं. पण मला आमच्याच घरातली एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगताना डॉक्टर म्हणून मला थोडी लाज वाटते.

२०१२ च्या आसपासची ही गोष्ट. माझ्या तेव्हाच्या गाडीत फक्त रेडिओ आणि सीडी प्लेयर होता, मोबाईल जोडायला ऑक्सची जागा नव्हती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॅसेटवरची सगळी भजनं भाच्याने एका छोट्या एमपीथ्री प्लेयरमध्ये भरून दिली होती. ती गाडीत वाजावीत म्हणून मी एफएम ट्रान्समीटर आणला. तो लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, प्लेयरची पिन त्यात घालायची आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये जिथे एकही स्टेशन लागत नाही अशा जागी ट्रान्समीटर आणि रेडिओ दोन्ही लावायचे. म्हणजे गाडीपुरतं आपलं स्वतःचं आकाशवाणी केंद्र! पुण्यात मात्र मधूनच एखादं खरं स्टेशन घुसायचं आणि अभंगाच्या मधोमध सोन्याच्या दुकानाची जाहिरात यायची. शहर मागे पडलं की बरं चालायचं.

अण्णा कराडला राहायचे. त्यांना पुण्याला आणताना मी कौतुकाने भीमसेनजींची संतवाणी लावली.

"आवाज ठीक आहे ना अण्णा?"

"आवाज आहे रे. पण शब्द कळत नाहीत. आणि टाळ कुठे गेले?"

मी ट्रान्समीटरला दोष दिला. या जोडणीत आवाजाची दोन बटणं असतात, एक प्लेयरचं आणि एक रेडिओचं. प्लेयरचा आवाज बारीक ठेवून रेडिओचा वाढवला की गाण्याबरोबर खरखरही वाढते. प्लेयरचा पूर्ण वाढवला की आवाज फाटतो. प्लेयर पाऊणभर ठेवायचा आणि बाकीचं रेडिओवर भागवायचं, हे मला प्रयोग करून समजलं आणि मी ते नातेवाईकांना शिकवतही सुटलो. पण अण्णांचे टाळ काही परत आले नाहीत. मी दुसरा ट्रान्समीटर घेतला. मग कराडच्या घरी त्यांच्या टू-इन-वनला मागच्या बाजूला लाइन-इन सापडलं, तिथे सरळ वायरच जोडली. मला स्वच्छ ऐकू येत होतं. अण्णा म्हणाले, "चांगलं आहे," आणि आवाज इतका वाढवला की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. कॅसेटवरून उतरवतानाच टाळ पुसट झाले असतील, असं मी ठरवून टाकलं.

यात सात-आठ महिने गेले. त्या काळात अण्णा फोन आला की "आईशी बोल" म्हणून तो तिच्या हातात द्यायला लागले होते. चार माणसांत बसले की नुसते हसून मान हलवायचे. आई म्हणायची, "हल्ली यांचं कशात लक्षच नसतं." आम्ही ते वयावर ढकललं. दुसऱ्या कुणाच्या मुलाने माझ्यासमोर बसून एवढं सांगितलं असतं, तर मी एका मिनिटात त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

शेवटी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने निदान केलं. पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तोच अभंग, पुन्हा अण्णांचा तोच प्रश्न. मागच्या सीटवरून तो म्हणाला, "आजोबा, वाजतायत की टाळ! केवढे जोरात!"

मी पुढे बराच वेळ काही बोललो नाही.

आपल्या आतल्या कानात शंखासारख्या भागात सूक्ष्म केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. वयाबरोबर आणि मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या पेशी. टाळ, झांजा, पक्ष्यांचा आवाज आणि बोलण्यातले स, श, त, क, फ हे सगळं तिथलंच. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते शाबूत राहतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." आवाज वाढवला तर स्वरच आणखी मोठे होतात, व्यंजनं पुसटच राहतात. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही आणि जरा मोठा झाला की तो एकदम असह्य होतो. "ऐकू येत नाही" म्हणणारे आजोबा आपण जोरात बोललो की "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतात, ते यामुळे.

कानाच्या डॉक्टरांनी आधी दुर्बिणीने मळ पाहिला, थोडा होता तो काढला. (घरी तेल, काडी, पिन काहीही घालू नका, कृपा करा.) मग ऑडिओमेट्री झाली. दोन्ही कानांचा आलेख उंच पट्टीकडे घाटासारखा उतरत गेलेला.

आता त्या पेशंटच्या प्रश्नाचं नीट उत्तर. होय, होतात. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तासांपर्यंत चालतो असं कारखान्यांसाठी मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. हायवेवर खिडक्या उघड्या असल्या की इंजिन आणि वाऱ्यावर मात करण्यासाठी आपण नकळत बटण फिरवत जातो. सोपी खूण सांगतो. गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर तेच गाणं कर्कश वाटलं, किंवा उतरल्यावर कानात शिट्टी वाजली, तर आवाज जास्त होता. हेडफोन लावून गाडी मात्र चालवूच नका, हॉर्न ऐकू यायला हवा. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा, तिथे उशीर महागात पडतो.

श्रवणयंत्राला अण्णा पहिल्यांदा नाहीच म्हणाले. "म्हातारा दिसेन." तेव्हा ते ७६ वर्षांचे होते! पहिले काही आठवडे यंत्र डबीतच जास्त राहिलं. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी. त्या खऱ्याच असतात. यंत्र दोन-तीनदा जुळवून घ्यावं लागतं आणि मेंदूलाही सवय व्हायला वेळ लागतो. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत, असं करत त्यांना जमलं.

त्यानंतरच्या पहिल्या कराड-पुणे प्रवासात मी मुद्दाम तोच अभंग लावला आणि त्यांच्याकडे पाहत राहिलो. त्यांचं लक्ष भलतीकडेच. "हे टिक टिक काय वाजतंय रे? गाडी बिघडली का?"

मी वळण्यासाठी इंडिकेटर लावला होता.