शेवटची गाडी

आमच्या कोल्हापुरास 1891 साली मिरजेहून लोहमार्ग आला, तो आजही येथेच संपतो. मोजक्या गाड्यांच्या या गावी वाढलेल्या मला मुंबईत वाटे, येथे चुकलेली गाडी म्हणजे केवळ पाच मिनिटांचा खोळंबा!

कल्याणास आजी अत्यवस्थ होती. मित्रांच्या गप्पांत रमून मी मध्यरात्रीनंतर दादरला पोहोचलो, तो शेवटची लोकल नुकतीच सुटलेली. आता पहाटेपर्यंत गाडी नाही! मी संतापलो. इतक्यात विजेऱ्या घेऊन कामगार रुळांवर उतरले. रूळ, सांधे व विजेच्या तारा यांची डागडुजी करावयास त्यांना रात्रीचे हेच तीन-एक तास मिळतात, असे एका हमालाने सांगितले. माझा राग ओसरला. दोष वेळापत्रकाचा नव्हता, माझा होता.

पहाटेच्या पहिल्या गाडीने पोहोचलो, तेव्हा आजीची शुद्ध हरपली होती. रात्रभर ती, "आला का?" असे विचारीत होती म्हणे. या शाळेत असताना दहा कुमारींचा दृष्टांत मी पाठ केला होता. त्यातील बंद झालेल्या दाराचा अर्थ मला त्या दिवशी कळला.