तळणाचं सामान

आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू, चकल्या आणि चिवडा होतो. केक खूप नंतर आला. नवीन ओळखीच्या माणसांना याचं नवल वाटतं, पण नगरच्या कुठल्याही जुन्या ख्रिस्ती घरात विचारा, हेच सांगतील. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणं मांडलं. आमच्या पणज्यांनी उपासनेची जागा बदलली, कढई तीच ठेवली. दिवाळीला शेजारच्या घरांतून ताटं आमच्याकडे यायची, ईदला शीरखुर्मा यायचा, आणि नाताळला आमची पाळी असायची. ताटावर क्रोशाचा रुमाल टाकून आम्ही मुलं गल्लीभर फिरायचो. ताट कुणीही रिकामं परत देत नसे. काहीच नसलं तरी मूठभर साखर किंवा तांदूळ त्यात पडायचेच.

या रीतीत एक टोचणारी गोष्ट आहे आणि ती मला फार लवकर दिसली. ज्या घरात यंदा कढई चढली नाही, त्या घराला चार घरची ताटं आली तरी सण होत नाही. उलट प्रत्येक ताटागणिक त्या घरच्या बाईची मान थोडी खाली जाते. मुलांची पोटं भरतात, पण ती बाई दिवाळीपासून सगळ्यांचं देणं लागत असते.

हे कळलं 1972 च्या नाताळात. पाऊस सलग दगा देत आलेला. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. गावोगावची माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या मातीकामाला गेलेली. पुढच्या उन्हाळ्यात, 1973 च्या मे महिन्यात, राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. आमच्या ओळीतल्या टोकाच्या घरातले काका गवंडी होते. बांधकामंच थांबल्यामुळे तेही आणि काकूही खडीवर जात होते. माझी आई मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. पगार बेताचा, पण दर महिन्याला येणारा.

दिवाळीपासून आमच्या घरी चहा गुळाचा होऊ लागला. का, ते आईने सांगितलं नाही. डिसेंबरात तिने एक वेताची पाटी काढली आणि त्यात मैदा, रवा, साठवलेली साखर, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, डालड्याचा डबा आणि खसखशीची पुडी ठेवली. सगळ्यात शेवटी बूच घट्ट लावलेली रॉकेलची बाटली कपड्यात गुंडाळून एका कडेला उभी केली. मला म्हणाली, "काकूंना सांग, आईला यंदा शाळेच्या कामातून सवड नाही. आमच्याही करंज्या तुम्हीच करून द्या, तुमच्या हातची मुरड छान पडते. निम्म्या तुमच्या."

काकू नुकत्याच कामावरून आल्या होत्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. मी निरोप घोकल्यासारखा म्हणून दाखवला. त्यांनी पाटीतली खोबऱ्याची वाटी उचलली, नखाने खरवडली, वास घेतला. मग डालड्याचा डबा हातात तोलून पाहिला. बाटलीकडे पाहिलं, तिच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "मोहनाला डालडा जरा कमी पडेल," त्या म्हणाल्या, "पण आईला सांग, मी पुरवते." आवाज एकदम त्यांचा नेहमीचा झाला होता, आमच्या आईला लोणच्यात मीठ किती घालायचं ते सांगतानाचा.

त्या रविवारी दुपारभर त्यांच्या घरातून तळणाचा वास येत होता आणि तो गल्लीत सगळ्यांना येत होता. नाताळच्या सकाळी त्यांची मुलगी रुमाल टाकलेलं ताट घेऊन घरोघर गेली. आमच्याकडे आली तेव्हा आईने "सलाम, ये गं" म्हणून तिला बसवलं, करंज्या काढून घेतल्या आणि ताटात साखर घातली, जशी सगळ्यांच्या ताटात घालायची तशीच. आईला सवड होती हे काकूंना ठाऊक होतं. काकूंना ठाऊक आहे हे आईलाही ठाऊक होतं. दोघींनी ते आयुष्यभर जपलं.

त्याच काळात परदेशातून येणारी दुधाची पावडर आणि कपड्यांची खोकी होती, कामावर वाटली जाणारी सुकडी होती. त्यावर पुष्कळांचे जीव तगले, त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही. पण भूक भागवणं हे एक काम आणि सण देणं हे दुसरं. दुसऱ्यासाठी समोरच्या घराची माहिती लागते.

लग्न होऊन मी पुण्याला आले. नव्वदच्या दशकात यजमानांच्या कारखान्याला टाळं लागलं आणि आम्ही पाटीच्या दुसऱ्या बाजूला आलो. एका ठिकाणी गरजू कुटुंबांना नाताळची भेट द्यायचा कार्यक्रम होता. नावं पुकारली, एकेकाला पुढे बोलावलं, फोटो काढले. चकचकीत कागदात बांधलेली टोपली होती. आत जॅमची बाटली, नूडल्स, सुगंधी मेणबत्ती, बिस्किटांचा डबा, मनुका घातलेला छोटा केक. मुलं हरखली. देणाऱ्यांनी पैसे कमी खर्च केले नव्हते. घरी आल्यावर सासूबाईंनी कागद सोडला, एकेक वस्तू जमिनीवर मांडली आणि विचारलं, "यात वाटायला काय आहे?"

आम्ही त्यांना काय सांगणार? त्या वर्षी आमच्याकडून एकही ताट गेलं नाही. सासूबाई नाताळच्या दिवशी उपासना संपताच मागच्या दाराने निघून आल्या, कुणाशी हात न मिळवता. त्या टोपलीची किंमत आज मला आठवत नाही, पण त्यांची ती लगबग आठवते, आणि तिचा मला अजून राग येतो.

आता आमच्या मंडळीतल्या काही जणी मिळून दर डिसेंबरला अशी सामानं भरतो. ज्या घरी सामान जायचं तिथे आधी एखादी सहज चहाला जाऊन येते. गॅस शिल्लक आहे का, कढई केवढी, घरात साखरेचा आजार कुणाला, हे तिथेच कळतं. मग भवानी पेठेत किराणा भरतो. एका घराला एक किलो मैदा, अर्धा किलो बारीक रवा, दीड किलो साखर, अर्धा किलो सुकं खोबरं, अर्धा किलो तूप, दोन लिटर तेल, पातळ पोहे, शेंगदाणे, डाळवं, चकलीची भाजणी. मधुमेही माणूस असेल तर भाजणी वाढवतो आणि साखर कमी करतो. वेलदोडे आणि खसखस महाग म्हणून गाळू या असं दर वर्षी कुणीतरी सुचवतं. मी तिथे हट्टाला पेटते. तंगी आली की बाई सगळ्यात आधी हेच गाळते, म्हणून हेच द्यायचं. तूपही चांगलं घ्यायचं. चहाची पूड भरपूर, कारण रात्री नाताळची गाणी म्हणत तरुण मुलं दारी येतात आणि त्यांना चहाशिवाय परत पाठवायचं कुणाच्याच जिवावर येतं.

नानकटाईचे पैसे मात्र सामानात ठेवत नाही. ओळखीच्या बेकरीत आधीच भरून ठेवतो. रवा-तूप घेऊन जायचं आणि भाजलेले ट्रे घेऊन यायचे, ही पद्धत अजून काही बेकऱ्यांनी चालू ठेवली आहे. सोबत फराळ वाटायला कागदी डबे देतो. हे डबे पाहून बायकांचे चेहरे जसे उजळतात तसे तुपाने उजळत नाहीत.

रोख पैसे द्यावेत की नाही, यावर आमच्यात वाद होतात. माझं मत असं, की नाताळात दिलेलं पाकीट वाण्याच्या उधारीत जातं, विजेच्या बिलात जातं, आणि ते तिकडे जाणं अगदी बरोबर आहे. कुठलीही आई उधारी डोक्यावर ठेवून त्या पैशाची खसखस आणणार नाही. म्हणून सामान डिसेंबरात द्यावं, पहिल्या पंधरवड्यातच, म्हणजे करायला वेळ मिळतो. पाकीट जानेवारीत द्यावं, सणाचं नाव न घेता.

यंदा एक नवा पेच आला. उपनगरातल्या एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन आहे, आमच्याच नगर जिल्ह्यातला. घर गावाकडे, आईच्या दवाखान्यात सगळी कमाई गेली, नाताळला सुट्टीही नाही. त्याच्या खोलीत एकच बर्नर. त्याला मैदा-खोबरं देऊन काय उपयोग? तयार फराळाचा डबा द्यावा असं ठरत होतं, इतक्यात आमच्यातल्या सगळ्यात लहान सुनेने विचारलं, तो कुणाला देणार? मग यादी नव्याने केली. चिवडा चांगला पाच किलो, कागदी पुड्या, चहाची पूड, दुधाची पावडर, साखर, आलं, मोठं पातेलं आणि कागदी कप. गाणी म्हणणाऱ्या मुलांना त्या रात्री त्याच्या फाटकाशी थांबायला सांगितलं. सोसायटीतली जी माणसं एरवी त्याच्या हातचं पार्सल घेऊन लिफ्टकडे वळतात, तीही खाली येतील, त्यांनाही तो चिवडा देईल.

त्याला फोन करून बेत सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मुलं किती येणार ते विचारलं आणि म्हणाला, "मावशी, दूध मात्र माझं. ते तुम्ही आणायचं नाही." आम्ही यादीतून दुधाची पावडर खोडली.