कान्हेरीचा डोंगर आणि आषाढाचें पाणी

आषाढ महिना लागला कीं मुंबईचीं माणसें पावसाशीं छत्रीपुरताच संबंध ठेवतात. गाड्या वेळेवर आहेत कीं नाहींत, रुळांवर पाणी आलें कीं काय, दोरीवरचे कपडे वाळले कीं नाहींत, ह्यापलीकडे ह्या ऋतूची विचारपूस फारसें कोणी करीत नाहीं. वास्तविक ज्या पाण्याच्या नांवानें आपण बोटें मोडतों तें पडतें कोठें, धांवतें कोणत्या वाटेनें आणि अडतें कोठें, हें पाहावयाचें असेल तर दूर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जाण्याचें कारण नाहीं. बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत, शहराच्या अगदीं कुशींत, सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें अरण्य पसरलेलें आहे. पूर्वीं ह्यास कृष्णगिरि उपवन म्हणत. आतां संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. ज्यांच्या हद्दीच्या आंत बिबळे नांदतात अशीं महानगरें जगांत फार थोडीं आहेत, ही गोष्ट आपण मुंबईकर सहसा विसरून जातों.

ह्या आषाढांत एका रविवारीं आम्ही तेथें जाण्याचें ठरविलें. बरोबर आमचे धाकटे बंधु, त्यांचे दोन नातू आणि आमची अकरा वर्षांची नात, अशी मंडळी होती. घरांतून ह्या बेतास विरोध झाला नाहीं असें नाहीं. ‘ह्या वयांत पाय घसरला तर हाड सांधत नाहीं,’ असें सौभाग्यवतींनीं दोनदां बजाविलें. परंतु तिसऱ्यांदा बजावण्याऐवजीं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचें लोणचें बांधून दिलें, ह्यावरून काय तें आम्ही समजलों. पार्ल्याहून पहिल्या गाड्यांपैकीं एक धरली आणि उजाडतां उजाडतां बोरिवलीस उतरलों. उद्यानाच्या दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा किलोमीटरांची पक्की सडक आहे. तीवर बसही जाते. पण पाऊस पाहावयास निघालेल्यानें बसच्या कांचेंतून पाऊस पाहावा, हें आम्हांस पटेना. बंधूंनीं थोडी कुरकूर केली, पण चालूं लागले.

पहिल्या अर्ध्या तासांत शहराचा आवाज मागें पडला. पाऊस एकसारखा होता, जोराचा नव्हता. झाडांखालीं तर तो दोनदां पडत होता. एकदां आकाशांतून आणि एकदां पानांवरून. सागाच्या रुंद पानांवर त्याचा ताशासारखा आवाज होई, आणि बांबूच्या बेटांत शिरलें कीं तोच अगदीं मृदु होई. सडकेच्या कांठीं टाकळा गुडघ्याएवढा वाढला होता. एका वळणावर कुड्याचें झाड पांढऱ्या फुलांनीं भरलेलें दिसलें, तेव्हां मुलांस थांबवून आम्हीं सांगितलें कीं, ‘कालिदासाच्या यक्षानें मेघास अर्घ्य दिलें तें ह्या फुलांचें. संस्कृतांतील कुटज तो हा.’ थोरल्या नातवानें फुलाचा वास घेतला आणि ‘परीक्षेंत विचारतील काय?’ असें विचारलें. पस्तीस वर्षें शिक्षकाचा धंदा केलेल्या मनुष्यास असल्या प्रश्नांचा राग येत नाहीं.

पुढें उतारावर कारवीचें दाट रान लागलें. ही कारवी आठ वर्षांनीं एकदां फुलते व फुलून बी धरलें कीं सगळें रान एकदम वाळून जातें. ह्या डोंगरांवर ती २०१६ सालीं आणि त्यानंतर २०२४ सालीं फुलली. म्हणजे आतां २०३२ च्या सुमारास फुलेल. नातीनें बोटांवर हिशेब केला व ‘तेव्हां मी कॉलेजांत असेन’ असें सांगितलें. आम्हींही मनांतल्या मनांत आमचा हिशेब केला, पण तो बोलून दाखविला नाहीं.

कान्हेरी हें नांव कसें आलें हें सांगणें आमच्यासारख्यास आवडतेंच. कृष्णगिरीचें प्राकृतांत कण्हगिरि झालें आणि कण्हगिरीचें कान्हेरी. नांव देणाऱ्यांनीं डोंगराचा काळा कातळ पाहूनच तें दिलें असावें, विशेषतः पावसांत भिजलेला. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास येथें पहिली छिन्नी लागली आणि त्यानंतर हजार वर्षें काम चालू होतें. शंभरांहून अधिक लेणीं ह्या एका डोंगरांत आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा आहे. त्याच्या ओसरीच्या दोन टोकांस सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ति मागाहून कोरल्या आहेत. नव्वदाव्या लेण्यांत इ. स. १००९ आणि १०२१ ह्या वर्षीं येऊन गेलेल्या पारशी मंडळींनीं पहलवी लिपींत आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. पाहावयास गेलेल्या स्थळीं नांव कोरण्याची खोड किती जुनी आहे हें त्यावरून कळावें. फरक एवढाच कीं, त्यांच्या नांवांचा अभ्यास होतो आणि आजच्यांच्या नांवांचा दंड होतो.

परंतु चैत्य पाहावयास लोक बारा महिने येतात. पावसाळ्यांत कान्हेरीस जावें तें तेथील पाण्यासाठीं. बौद्ध भिक्षूंस नियम असा होता कीं, एरव्हीं फिरावें आणि पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणीं राहावें. ओल्या वाटांवरून फिरतांना कोवळें गवत आणि त्यांतील जीवजंतु पायांखालीं चिरडतात, अशी लोकांची तक्रार आल्यावरून हा वर्षावास सुरू झाला असें त्यांच्या ग्रंथांत आहे. तेव्हां ही लेणीं म्हणजे मुळांत पावसाळ्याचें बिऱ्हाड. कातळांत एक लहानशी खोली, तीपुढें ओसरी, ओसरींत बसावयास दगडी ओटा, आणि अंगणाच्या एका बाजूस पाण्याचें टाकें. असें घर एकामागून एक, पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढत गेलेलें. आम्ही अशाच एका विहाराच्या ओट्यावर पुऱ्यांचा डबा उघडून बसलों, आणि नेमका त्याच वेळीं पाऊस कोसळूं लागला.

तो अर्धा तास आम्ही विसरणार नाहीं. माथ्यावरून वाहून आलेलें पाणी ओसरीच्या दगडी कपाळपट्टीवरून पडदा सोडावा तसें खालीं पडत होतें, आणि आंत ओट्यावर थेंब येत नव्हता. बंधु पेशानें हिशेबनीस. त्यांनीं उठून हें कसें साधलें त्याचा तपास केला. कपाळपट्टी पुढें काढलेली, त्यामुळें पाणी आंत न वळतां तुटून पडतें. माथ्यावर कातळांत बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या. त्या पाणी गोळा करून टाक्याच्या तोंडाशीं आणतात. एक टाकें भरलें कीं वरचें पाणी पुढच्या उतारास लागतें. ही टाकीं दात्यांनीं पुण्यकर्म म्हणून खोदवून दिलेलीं आहेत. शिलालेखांत त्यांस ‘पानीय-पोढी’ म्हटलें आहे. एका लेखांतील दाता कल्याणचा सोनार आहे. इतर लेखांत सोपाऱ्याचे आणि चौलचे लोक येतात. कल्याणच्या सोनारानें दागिना न देतां पाणी दिलें, आणि तें अद्याप दर आषाढांत भरतें. नात टाक्यांत वांकून पाहत म्हणाली, ‘आजोबा, ह्याला नळ कोठें आहे?’ आम्हीं बोट वर आभाळाकडे केलें.

पाऊस ओसरतांच धबधबे दिसूं लागले. कान्हेरीच्या दोन टेकड्यांमधून एक ओढा उतरतो. उन्हाळ्यांत त्याच्या जागीं नुसते धोंडे असतात. आतां तो कातळाच्या टप्प्याटप्प्यांवरून उड्या घेत येत होता आणि पलीकडच्या कड्यावरून तीनचार पांढऱ्या धारा त्यास येऊन मिळत होत्या. उंची फार नव्हे. पण काळ्या कातळावर त्या इतक्या शुभ्र दिसत होत्या कीं डोळा हलेना. दरीच्या तोंडाशीं कोठें तरी कस्तुर पक्षी शीळ घालीत होता, आणि पाण्याच्या एवढ्या आवाजांतही ती शीळ स्वच्छ ऐकूं येत होती.

मुलांस धबधब्याच्या पायथ्याशीं जावयाचें होतें. ओढ्यांतील पांच धोंड्यांवर पाय देऊन पलीकडे जातां येत होतें, आणि तरुणांची एक टोळी तशी गेलीही होती. थोरला नातू चपला हातांत घेऊन तयार झाला. तेवढ्यांत काकड्यांची टोपली घेऊन बसलेली एक वृद्ध वारली बाई, उद्यानांतल्याच पाड्यावरची, आमच्याकडे पाहून म्हणाली कीं, बाबा, पाण्याचा रंग बघा. आम्हीं पाहिलें. मघां कांचेसारखें असलेलें पाणी तांबूस झालें होतें आणि त्यावर पालापाचोळा व काटक्या येत होत्या. वर डोंगरांत पाऊस झाला होता. येथें तो अजून पोहोंचावयाचा होता. आम्हीं नातवास मागें ओढलें. तो रुसला. ‘ते सगळे गेले आहेत, मीच भित्रा,’ असें कांहींसें पुटपुटला. आम्हीं उत्तर दिलें नाहीं. पहारेकऱ्यानें शिट्टी वाजविली. पलीकडच्या मंडळींनीं ती धबधब्याच्या आवाजांत ऐकली नाहीं, किंवा ऐकून सोडून दिली.

बंधूंच्या मनगटावर घड्याळ होतें, म्हणून वेळ सांगतां येतो. अठरा मिनिटांत पांचही धोंडे दिसेनासे झाले. ओढ्याचा आवाजही बदलला. मघां तो खळाळत होता, आतां आंतून दगड गडगडल्यासारखा वाजूं लागला. पलीकडे सहा मुलें अडकलीं होतीं. तीन पहारेकरी धांवत आले, त्यांनीं एका झाडास दोर बांधून दुसरें टोंक पलीकडे फेंकलें आणि एकेकास कंबरेला गांठ मारून आणण्यास आरंभ केला. पांचजण आले. सहावा मधोमध असतां त्याचा पाय सुटला. क्षणभर तो आडवा झाला, पाठीवरची निळी पिशवी सुटून पाण्याबरोबर गेली, आणि दोर एवढा ताणला कीं झाडाची साल निघाली. मग दोघांनीं त्यास ओढून कांठावर घेतलें. तो बसला तेथेंच बराच वेळ थरथरत राहिला. काकडीवाल्या बाईनें आपल्या किटलींतला चहा त्यास पाजला व पैसे घेतले नाहींत. आमच्या नातवानें हें सर्व पाहिलें. त्यानंतर त्यानें आमचा हात धरला तो थेट सडकेपर्यंत सोडला नाहीं.

परत येतांना पायऱ्यांवरून पाण्याचे लोट उतरत होते, आणि बंधूंनीं एक गोष्ट दाखविली ती येथें लिहून ठेवण्याजोगी आहे. ओढ्याच्या वरच्या अंगास जुन्या दगडी बांधाचे अवशेष आहेत. म्हणजे भिक्षूंनीं प्रत्येक बिऱ्हाडाचें टाकें तर भरून घेतलेंच, शिवाय खुद्द ओढाही अडवून पाहिला. पुढें इंग्रजी अमदानींत मुंबई तहानेनें व्याकुळ झाली तेव्हां ह्याच अरण्याच्या दऱ्यांत १८६० सालीं विहार आणि १८७९ सालीं तुळशी हे तलाव बांधून शहरास पाणी दिलें. ह्या तलावांभोंवतीं वस्ती होऊं दिली नाहीं, हें अरण्य उरण्याचें एक मोठें कारण. तळीं भरलीं कीं उरलेलें पाणी आपल्या जुन्या वाटेनें निघतें. विहारचें पाणी मिठी नदीस मिळतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्रीं त्या मिठीनें काय केलें हें ज्यांनीं पाहिलें त्यांस सांगणें नको. आमच्या पार्ल्याच्या घरांत त्या रात्रीं खालच्या मजल्यावरचीं दोन बिऱ्हाडें येऊन निजलीं होतीं. नदीची वाट अरुंद करून तिच्या पात्रावर घरें आणि कारखाने उभारावयाचे आणि मग नदी घरांत आली म्हणून ओरड करावयाची, ही रीत कान्हेरीच्या पाथरवटांस कळली नसती.

उद्यानाच्या दाराकडे येतांना दहिसर नदीवरील पूल लागतो. ही नदी ह्याच अरण्यांत जन्मते, बोरिवली आणि दहिसर ओलांडून मनोरीच्या खाडींतून समुद्रास मिळते. अरण्यांत तिचें पाणी तांबूस असलें तरी त्यांत पानें आणि काटक्याच असतात. दाराबाहेर पडल्यावर दोन्ही कांठांस भिंती आणि पाण्यांत काय काय असतें तें वाचकांनीं स्वतःच एकदां पुलावर उभें राहून पाहावें. त्या दिवशीं नदी फुगून चालली होती. थोरला नातू कठड्याशीं जाऊन उभा राहिला आणि निळी पिशवी येते काय म्हणून पाण्याकडे पाहत राहिला. नात त्याच्या शेजारीं उभी राहून येणाऱ्या फांद्या मोजूं लागली. सत्तावीसपर्यंत मोजून झाल्या, पिशवी मात्र आली नाहीं. आणि मागून बसवाला भोंगा वाजवूं लागला तेव्हां आम्ही निघालों.