पाठीवरची अक्षरे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली, की आमच्या घरी रंगाचे डबे येतात आणि माझ्या घड्याळांवर संकट ओढवते. "भिंती नव्या होतात, मग ही काळवंडलेली घड्याळं तेवढी तशीच का?" हा सौभाग्यवतींचा सवाल. बिनतोड आहे, पण मी ऐकत नाही.

मी जुनी जपानी घड्याळे जमवतो. साधी नव्हेत, बाजूला दोन बटणे असलेली, क्रोनोग्राफ म्हणतात ती. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या सहवासात माझी उभी नोकरी झाली. मोबाईल फाटकावरच ठेवावा लागे. भरवसा काय तो मनगटावरच्या घड्याळाचा. त्या भरवशाचे पुढे व्यसन झाले, आणि आता रविवारी सकाळी मी दौंडहून गाडी धरून पुण्याचा जुना बाजार गाठतो.

माझे लाडके म्हणजे १९६९ साली निघालेले सिको ६१३९. मनगट हलले की त्याला आपोआप चावी बसते. हाताने देण्याची सोयच नाही. आणि गंमत अशी, की मधला लांब सेकंदकाटा बटण दाबल्याशिवाय जागचा हलत नाही. चालते घड्याळ बंद समजून लोक खाली ठेवतात आणि माझे फावते! विल्यम पोग या अमेरिकन अंतराळवीराने १९७३ साली असेच पिवळ्या तबकडीचे घड्याळ वरिष्ठांना न विचारता स्कायलॅबवर नेले होते. ८४ दिवस ते पृथ्वीभोवती फिरले.

आपल्याकडे ही घड्याळे बरीचशी आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून उतरली. सुटे भाग मिळेनात, तेव्हा आपल्या कारागिरांनी एकाचे चाक दुसऱ्याला बसवले, तबकड्या नव्याने रंगवल्या. परदेशी शौकीन असल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणून नाके मुरडतात. रंगाच्या बाबतीत मी त्यांच्याच पक्षाचा. उन्हाने विटलेली तबकडी मला रंगवलेल्या तबकडीपेक्षा खरी वाटते.

पण यंत्राचे काय? एक चालवायचे तर दुसरे मोडावे लागते. गेल्या वर्षी एक बंद ६१३९ हाती आले. पाठीवर कोणीतरी कोरून घेतलेले : दोन आद्याक्षरे आणि 'कुवेत, १९७६'. दौंडच्या घड्याळजींनी भिंग लावून आत पाहिले. "साहेब, गंजलंय. हे जगायचं नाही. पण याच्या चाकांवर तुमची दोन उभी राहतील."

तीन महिने ते माझ्या खणात पडून होते. कोणाची अक्षरे असतील ती? पहिल्या पगारातून घेतले असेल काय? मग विकले का?

अखेर दिले मोडायला. दोन घड्याळे चालू झाली. झाकण मात्र मी मागून घेतले आणि त्यांतल्या एकाच्या पाठीला बसवायला सांगितले. सिकोच्या झाकणावरील क्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा, दुसरा महिन्याचा असतो. म्हणजे ती घड्याळाची जन्मपत्रिकाच. ती बदलली, की जाणकारांच्या लेखी किंमत उतरली. घड्याळजी हसले. "साहेब, आता हेही मुंबई स्पेशलच की!"

"असू द्या," मी म्हणालो, आणि बटण दाबले.