सुईच्या आधीचं दुखणं

प्रोस्टेटची बायोप्सी झालेल्या माणसाला अर्ध्या तासानं, चहा-बिस्किट पोटात गेल्यावर, विचारावं की सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला. सुईचा, असं उत्तर क्वचितच येतं. ‘सुई तं समजलीच नाई साहेब, पण ते यंत्र आत घातलं ना, बाप्पा!’ दारव्ह्याचा शेतकरी असो की वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला कामगार, शब्द थोडे इकडेतिकडे, तक्रार तीच. आम्ही युरॉलॉजिस्ट मात्र शिकताना सगळी हुशारी सुईपाशीच खर्च करतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला लागून असते. रक्तातलं पीएसए वाढलेलं निघालं किंवा बोटानं तपासताना ती कडक लागली, की कॅन्सर आहे का हे पाहायला तुकडा घ्यावा लागतो. त्यासाठी अंगठ्याहून जाड असा सोनोग्राफीचा प्रोब गुदद्वारातून आत सरकवायचा, पडद्यावर ग्रंथी बघायची आणि प्रोबला जोडलेल्या नळीतून स्प्रिंगची सुई मारायची. १९८९ साली स्टॅनफर्डच्या हॉज, मॅकनील आणि स्टेमी यांनी सोनोग्राफीत बघून सहा ठरावीक जागांचे तुकडे घ्यायची पद्धत मांडली. आमच्या यवतमाळचं वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचं. तेव्हा हे काम भुलीशिवायच चाले. सुई क्षणात जाते-येते, पेशंट सोसतो, असा समज. १९९६ मध्ये नॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथीकडे जाणाऱ्या नसांपाशी भूल द्यायची रीत सांगितली, तरी ती सगळीकडे रुळायला वेळ लागला. पुरुष किती सोसू शकतो याचा अंदाज टेबलाच्या या बाजूला उभं राहून बांधला की तो नेहमीच उदार निघतो.

ती भूल देणं हे आता मला या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल वाटतं. लिग्नोकेनची दोन टक्क्यांची बाटली असते, त्यात तेवढंच सलाइन मिसळलं की एक टक्का होतं. पाठीत भूल द्यायची नेहमीची सुई इथे पुरत नाही, वीस सेंटिमीटरची लांब बारीक सुई लागते. पडद्यावर ग्रंथीचा वरचा काठ आणि वीर्यकोश जिथे भेटतात तिथे चरबीचा एक पांढरा त्रिकोण दिसतो. सुईचं टोक तिथे न्यायचं, रक्त येत नाही ना हे मागे ओढून बघायचं आणि पाच मिली सोडायचं. औषध योग्य जागी गेलं तर तिथे काळा फुगवटा उठतो आणि ऊती एकमेकींपासून सुटताना डोळ्यांना दिसतात. मग दुसरी बाजू. मग थांबायचं. निदान पाच मिनिटं. बाहेर ओपीडीची रांग असते, वॉर्डातले मामा दारातून दोनदा डोकावून जातात, आणि हात शिवशिवतात. पण या पाच मिनिटांत घाई केली तर दिलेली भूल नावापुरतीच.

आता त्या ‘बाप्पा!’कडे येतो. गुदमार्गात दोनेक सेंटिमीटर आत एक सीमारेषा असते. तिच्या खालचा भाग कातडीसारखाच तिखट जाणतो. वरच्या भागाला ताण आणि दाब कळतो, टोचणं फारसं कळत नाही. नसांपाशी दिलेली भूल या खालच्या भागापर्यंत पोचतच नाही. म्हणजे सुईची सोय झाली, दरवाजा तसाच राहिला. तिथे भूल आणणारी झायलोकेन जेली लागते, आणि तिलाही काम करायला काही मिनिटं द्यावी लागतात. लावली आणि लगेच प्रोब घातला, तर ती फक्त बुळबुळीत करते. मूळव्याध किंवा चीर आहे का, हे आधी बोटानं हलकेच बघतो. जिथे फार दुखतं तिथे हट्ट न करता पुढची तारीख किंवा पूर्ण भूल. बोट काही क्षण आत तसंच ठेवलं की आवळलेला स्नायू आपणहून सैल पडतो. मग पेशंटला म्हणायचं, ‘बाबाजी, संडासला जोर लावता तसा थोडा लावा.’ हे ऐकून सगळे दचकतात, पण जोर लावताना तोच स्नायू उघडतो. प्रोबचं टोक आधी बेंबीच्या दिशेनं, आत गेल्यावर मागे माकडहाडाकडे. सरळ रेटला की पेशंट टेबलावर वर सरकू लागतो. तो वर सरकला म्हणजे माझा हात चुकतोय.

तरुण पेशंटला जास्त दुखतं, त्याचा स्नायू घट्ट असतो. आमच्याकडे मात्र येतात ते बहुतेक सत्तरीच्या आसपासचे, आणि त्यांचं घट्ट होण्याचं कारण निराळं असतं. मुलगा आधीच मला बाजूला घेतो. ‘त्यायले काही सांगू नका जी, घाबरतीन. सोनोग्राफी हाय म्हनून आनलं.’ मुलाचं प्रेम खरं असतं, पण या प्रेमाचा त्रास म्हाताऱ्याला होतो. पोटावर जेली लावतील अशा तयारीत आलेल्या माणसाला कुशीवर झोपवून, गुडघे छातीशी घ्यायला लावून धोतर सोडायला सांगितलं, तर तो अंग आक्रसून घेणारच. मी मुलासमोरच सांगतो: काय घालणार, कुठून घालणार, किती वेळ लागेल, तुकडा का हवा. कॅन्सरची शंका आहे हेही, विचारलं तर. माझ्या अनुभवात सांगितल्यामुळे कोणी टेबलावरून उठून गेलेलं नाही. न सांगता आणलेले गेलेत. पांढरकवडा-झरीकडचे कोलाम किंवा पुसद-दिग्रसच्या तांड्यावरचे बंजारा आजोबा असले, तर सोबतच्या माणसाला त्यांच्या बोलीत पुन्हा सांगायला लावतो. मान डोलावली म्हणजे समजलं असं धरत नाही.

खोलीत माणसं कमीत कमी. सिस्टर डोक्याच्या बाजूला, दाराला आतून कडी. धोतर पूर्ण काढायची गरज नसते, मागून बाजूला घेतलं तरी भागतं. खांद्यावरचा दुपट्टा हातात राहू द्यावा, मुठीत धरायला काहीतरी लागतं. प्रोबवर निरोध चढवावा लागतो, तो पेशंटच्या पाठीमागे चढवायचा. नातवंडं असलेल्या माणसाला ते पाकीट फोडताना दिसलं की त्याचा चेहरा असा होतो की पुढचं काहीच सोपं राहत नाही. जेलीची बाटली डिसेंबरात गार पडते, ती कोमट पाण्यात ठेवून द्यावी. पूर्ण भूल नसेल तर उपाशी या असं आम्ही कोणालाच सांगत नाही, तरी दवाखाना म्हटलं की माणसं पहाटेच्या एसटीनं उपाशीपोटीच निघतात, आणि मे महिन्यात उठून बसताना त्यांना भोवळ येते. म्हणून चिठ्ठीवरच लिहून देतो: पोळी खाऊन या.

सुईचं म्हणाल तर तिचा आवाज तिच्यापेक्षा वाईट. स्प्रिंग सुटते तेव्हा खट्ट होतं, पेशंट आवाजालाच उडतो आणि उडाल्यामुळे दुखतं. सुरुवातीला एकदा बाहेर हवेतच ती सोडून ऐकवायची. नंतर प्रत्येक वेळी ‘आता’ म्हणायचं. आणि मोजायचं, मोठ्यानं. ‘किती रायल्या?’ हा प्रश्न आठव्या-नवव्या तुकड्याला हमखास येतो, उत्तर तयार असावं. ग्रंथीच्या खालच्या टोकाचे तुकडे जास्त झोंबतात, कारण तिथे सुई त्या सीमारेषेच्या जवळून शिरते; प्रोबचा कोन बदलून ती रेषेच्या वरून नेता येते. सुईचं टोक नुसतं टेकवून ‘टोचते का?’ विचारलं की कळतं. टोचत असेल तर जागा बदलायची. ही टोकाची जागा मी शेवटी ठेवतो.

पण तुकडे किती? पुस्तकात बारा. पीएसए शेकड्यात, कंबरेच्या हाडांत पसरलेला आजार, बोटाला दगडासारखी लागणारी ग्रंथी, अशा माणसाचे बारा तुकडे घेण्याचा आग्रह मला पटत नाही. निदानाला दोन-चार पुरतात. उलट पीएसए थोडंच वाढलेल्या माणसाचं आधी एमआरआय केलेलं बरं. २०१८ च्या प्रिसिजन या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आधी एमआरआय केलेल्यांपैकी अठ्ठावीस टक्के पुरुषांना सुई लावावीच लागली नाही. त्याहून कमी दुखणारी बायोप्सी मला माहीत नाही. एमआरआयचा खर्च हा प्रश्न आहेच; तरी रिक्षा, एसटी, बुडालेली मजुरी आणि बायोप्सीनंतरचा ताप यांचा हिशेब मांडून मग बोलावं.

तापाचं सांगायलाच हवं. गुदाशयातून सुई जाते, तिथले जंतू सोबत जातात, आणि आपल्याकडे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे ई. कोलाय पुष्कळ. बीटाडीननं आतून पुसून घेतल्यानं फरक पडतो. तरी ‘रात्री थंडी वाजून ताप आला तर सकाळच्या गाडीची वाट पाहू नका’ हे मी मुलाकडून वदवून घेतो. लघवीत लाली दोन-चार दिवस, आणि वीर्यात तपकिरी रंग काही आठवडे. हे दुसरं सांगायला डॉक्टर लाजतात, म्हाताऱ्याला काय त्याचं, म्हणून. त्याला असतं. मग तो कोणाला न सांगता महिनाभर झुरतो.

तापावरचा उपाय म्हणजे अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून सुई नेणं. युरोपियन युरॉलॉजी संघटनेनं २०२१ पासून हाच मार्ग पुढे केला आहे, आणि जंतुसंसर्ग त्यात फारच कमी होतो हे मान्यच आहे. प्रोब यातही आत जातोच. वर कातडीची भूल चरचरते. लिग्नोकेनमध्ये थोडं सोडियम बायकार्बोनेट मिसळलं आणि हळू सोडलं तर कमी. मला अडतं ते आसनापाशी. यात पेशंटला उताणं झोपवून दोन्ही पाय वर आधारात अडकवावे लागतात. जन्मभर कपाशीच्या तासात वाकलेल्या माणसाचे गुडघे तेवढे वाकत नाहीत, खुबा फिरत नाही. पंधरा मिनिटांनी तो म्हणतो, ‘खाली काही नाई साहेब, पन पाय उतरवा.’ म्हणून भुलीची सिरिंज भरण्याआधी मी त्याला टेबलावर बसवून दोन्ही पाय हातानं उचलून बघतो, आणि पाय वर येत नसतील तर जुन्याच मार्गानं, कुशीवर.